एकस्व अर्जांचे क्रमांकन

एकस्व म्हणजेच पेटंट मिळावे म्हणून दाखल झालेल्या प्रत्येक अर्जास स्वतंत्र क्रमांक देण्याची आणि त्या क्रमांकाच्या आधारे अर्ज निकाली निघेपर्यंत त्याचा माग ठेवण्याची पद्धती. अर्जाचा क्रमांक म्हणजे एकस्व नव्हे. अर्ज कोठे, केव्हा व कोणत्या प्रकारचा म्हणून स्वीकारला गेला, एवढेच तो दर्शवितो. अर्ज मंजूर झाल्यास एकस्वास अखिल भारतीय अनुक्रमातील वेगळा क्रमांक मिळतो. भारतात शोधांना कायद्याचे संरक्षण प्रथम १८५६ मध्ये मिळाले. सध्या १९७० चा एकस्व अधिनियम (अंमल २० एप्रिल १९७२ पासून) व २००३ ची नियमावली यांनुसार हे काम चालते.

कार्यालये : कोलकाता, दिल्ली, मुंबई व चेन्नई या चार ठिकाणी एकस्व कार्यालये आहेत. अर्जदाराचे वास्तव्य, त्याचे व्यवसायाचे ठिकाण किंवा शोधाचे उगमस्थान यांवरून योग्य कार्यालय ठरते. परदेशी अर्जदाराच्या बाबतीत त्याने दिलेला भारतातील पत्ता विचारात घेतला जातो. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, गोवा व छत्तीसगड ही राज्ये मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतात. त्यामुळे मीरा-भाईंदर येथील स्टेनलेस स्टीलची भांडी करणाऱ्या एखाद्या लहान कारखानदाराने नव्या झाकणबंदीसाठी अर्ज केल्यास तो मुंबई कार्यालयाचा अर्ज ठरतो. २००७ पासून संगणकाद्वारेही अर्ज दाखल करता येतो.

क्रमांकाची रचना : २०१५ अखेरपर्यंतच्या क्रमांकात अनुक्रम, कार्यालयाची आद्याक्षरे व वर्ष अशी तीन अंगे असत. उदा., ‘१२२०/एमयूएमएनपी/२००९’ या क्रमांकातील ‘एमयूएम’ ही अक्षरे मुंबई कार्यालयाची होत. ‘एनपी’ ही अक्षरे आंतरराष्ट्रीय अर्ज राष्ट्रीय टप्प्यात दाखल झाल्याचे दर्शवितात. तत्पूर्वीच्या अर्जांवर शहराच्या जुन्या नावावरून ‘बीओएम’ अशी अक्षरे आढळतात.

१ जानेवारी २०१६ पासून बारा अंकी क्रमांक रूढ झाला. त्यातील पहिले चार अंक वर्षाचे असतात. पाचवा अंक कार्यालयाचा असून दिल्लीस १, मुंबईस २, कोलकात्यास ३ व चेन्नईस ४ हे अंक नेमून दिले आहेत. सहावा अंक अर्जाचा प्रकार सांगतो : १ म्हणजे सर्वसाधारण अर्ज, ४ म्हणजे अन्य देशातील पूर्वीच्या अर्जाचा अग्रक्रम सांगणारा संकेताधिष्ठित अर्ज आणि ७ म्हणजे आंतरराष्ट्रीय अर्जाचा राष्ट्रीय टप्पा. मूळ अर्जातून विभागलेल्या व पुरवणी एकस्वाच्या अर्जांस उरलेले अंक आहेत. शेवटचे सहा अंक अनुक्रमाचे होत. भाईंदरच्या उपर्युक्त कारखानदाराने २०२५ मध्ये सर्वसाधारण अर्ज केला असेल, तर त्याचा क्रमांक २०२५२१ या अंकांनी सुरू होईल. जुन्या पद्धतीत प्रत्येक कार्यालयाचा अनुक्रम निराळा होता. नव्या पद्धतीत तो चारही कार्यालयांना समाईक आहे. म्हणून शेवटच्या सहा अंकांवरून एकट्या मुंबईत किती अर्ज आले याचा अंदाज बांधता येत नाही.

क्रमांक व दिनांक : क्रमांकातील वर्षावरून हक्काची मुदत मोजणे चुकीचे ठरते. एकस्वाची मुदत २० वर्षांची असते. परंतु राष्ट्रीय टप्प्यातील अर्जात ती आंतरराष्ट्रीय अर्जाच्या दिनांकापासून धरतात. विभाजित अर्जास नवा क्रमांक मिळाला, तरी दिनांक मूळ अर्जाचाच लागू होतो. हे बारकावे समजावेत म्हणून राजपत्रातील प्रत्येक नोंदीस आंतरराष्ट्रीय संकेतांक जोडलेले असतात. (२१) हा अर्जाचा क्रमांक, (२२) दाखल दिनांक, (५४) शीर्षक, (६२) मूळ अर्जाचा निर्देश, (७१) अर्जदार, (७२) शोधक व (८६) आंतरराष्ट्रीय अर्ज असे त्यांचे अर्थ आहेत. नोंदीची भाषा कोणतीही असो, हे अंक बदलत नाहीत.

अर्जाचा माग : तात्पुरत्या विनिर्देशासह केलेल्या अर्जास बारा महिन्यांत पूर्ण विनिर्देश जोडावा लागतो, अन्यथा अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. सामान्यतः अग्रक्रम-दिनांकापासून अठरा महिन्यांनी अर्ज दर शुक्रवारी निघणाऱ्या राजपत्रात प्रसिद्ध होतो. परीक्षण आपोआप होत नाही. त्याची मागणी वेगळी करावी लागते. १५ मार्च २०२४ पासून दाखल झालेल्या अर्जांसाठी ही मुदत अग्रक्रम-दिनांकापासून ३१ महिने असून पूर्वीच्या अर्जांसाठी ती ४८ महिने होती. मुदतीत मागणी न केल्यास अर्ज मागे घेतल्याचे धरले जाते. परीक्षण-अहवालातील आक्षेपांची पूर्तता सहा महिन्यांत करावी लागते व ही मुदत आणखी तीन महिने वाढवून घेता येते. यांपैकी प्रत्येक टप्प्याची स्थिती अर्ज-क्रमांकावरून कार्यालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. लहान अर्जदाराचा शोध पुष्कळदा गुणांअभावी नव्हे, तर अशी एखादी मुदत नजरेआड झाल्यामुळे वाया जातो. म्हणून क्रमांक जपून ठेवण्याइतकेच त्याची स्थिती वेळोवेळी पाहणे अगत्याचे असते.

सार्वजनिक महत्त्व : अर्ज प्रसिद्ध झाल्यानंतर व एकस्व मंजूर होण्यापूर्वी कोणत्याही व्यक्तीस त्यास विरोध करता येतो. त्यासाठी तो अर्ज नेमका हुडकता आला पाहिजे. वर उल्लेखिलेला १२२०/एमयूएमएनपी/२००९ हा अर्ज याचे बोलके उदाहरण होय. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरील बेडाक्विलीन या औषधाच्या फ्युमरेट लवणासंबंधीचा हा अर्ज होता. मूळ संयुगावरील एकस्वाची मुदत जुलै २०२३ मध्ये संपणार होती. आंतरराष्ट्रीय अर्ज डिसेंबर २००७ चा असल्याने हा अर्ज मंजूर झाला असता, तर मक्तेदारी डिसेंबर २०२७ पर्यंत लांबली असती. क्रमांकातील २००९ या वर्षावरून हे कळले नसते. क्षयातून बऱ्या झालेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन व दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी २०१९ मध्ये या अर्जास विरोध नोंदविला; इतरांचेही विरोध होते. मुंबई कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये अर्ज फेटाळला आणि मूळ एकस्वाची मुदत संपताच इतर उत्पादकांना हे औषध तयार करण्याचा मार्ग खुला झाला. एकस्व हा शोधक आणि समाज यांच्यातील करार मानला जातो. त्या कराराची कलमे विनिर्देशात असतात. मात्र ती वाचण्यासाठी समाजाला जे दार उघडावे लागते, त्याची किल्ली अर्जाचा क्रमांक ही होय.