भोकरवाडीच्या वाट्याचा पडदा

अकलूजचे नाव महाराष्ट्रात निघते ते बहुधा सहकारी साखर कारखान्यामुळे, घोड्यांच्या बाजारामुळे किंवा १९९०च्या दशकात सुरू होऊन राज्यभर गाजलेल्या लावणी स्पर्धेमुळे. नीरेकाठच्या या गावात १९२७ साली विनोदी कथाकार द. मा. मिरासदार जन्मले, हे त्या मानाने कमी वेळा आठवले जाते. मराठी दूरचित्रवाणीवरच्या विनोदाचा मागोवा घेताना मात्र सुरुवात मिरासदारांच्या गावापासून करावी असे मला वाटते. पन्नास वर्षांत छोट्या पडद्यावर आलेल्या विनोदी कार्यक्रमांपैकी लोकांच्या मनात टिकले ते बहुतेक सगळे आधी कुणीतरी कागदावर घडवलेल्या माणसांवर उभे होते. कागदावर आधीच घडलेली माणसे असलेला ग्रामीण विनोद मराठीत भरपूर होता, तरी पडद्याने त्यातला फार थोडा उचलला. आजच्या विनोदी कार्यक्रमांत जी उणीव जाणवते तिचे मूळ नटांच्या गुणवत्तेत शोधण्यापेक्षा या न उचललेल्या ठेव्यात शोधावे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्यालाही ते दिसू लागले. ‘गजरा’ हा कार्यक्रम त्या काळचा. छोटी प्रहसने, नाट्यछटा, चुटके यांची ती गुंफण होती आणि पुढे नाव काढलेले अनेक नट त्यातून लोकांसमोर आले. पण त्या दशकाचा खरा ठसा उमटवला तो चिमणरावाने. चिं. वि. जोशी यांचे ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ १९३३ साली प्रसिद्ध झाले होते. बडोद्यात राहून पालीचा अभ्यास करणाऱ्या या विद्वानाने एक भित्रा, सज्जन, कुटुंबवत्सल कारकून आणि त्याचा दांडगट मावसभाऊ गुंड्याभाऊ अशी जोडी उभी केली होती. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी त्या जोडीत प्राण ओतले, आणि ज्यांनी पुस्तक उघडलेही नव्हते त्यांच्या घरात ही दोघे नातेवाईकांसारखी वावरू लागली. यश नटांचे होते, यात शंका नाही. तरी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. १९४०च्या ‘लग्न पहावं करून’ या चित्रपटात हाच चिमणराव दामुअण्णा मालवणकरांनी रंगवला होता आणि तेव्हाही लोक पोट धरून हसले होते. दामुअण्णा आणि प्रभावळकर यांचा चेहरा, आवाज, अभिनयाची रीत यांत काही साम्य नाही, मध्ये चार दशकांचे अंतर आहे, तरी चिमणराव चिमणरावच राहिला. नट बदलूनही जे पात्र ओळखू येते त्याची मुळे लेखणीत असतात.

हा चिमणराव अकलूजपर्यंत मात्र पोचला नाही. सत्तरच्या दशकात मराठी प्रक्षेपणाचा पल्ला मुंबई-पुण्याच्या परिसरापुरता होता, आणि अकलूज पुण्यापासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. १९८४च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले तेव्हा तालुक्याच्या गावांत टीव्ही आला, पण हे प्रक्षेपक मुख्यतः दिल्लीहून उपग्रहाने आलेला कार्यक्रम पुढे पाठवत. परिणाम असा झाला की मुंबई-पुण्याबाहेरच्या मराठी माणसाला छोट्या पडद्यावरचा विनोद आधी हिंदीत भेटला. शरद जोशींच्या लेखणीतून उतरलेली ‘ये जो है ज़िंदगी’ १९८४ची. तिच्यात सतीश शाह दर भागात नवे सोंग घेऊन येत आणि दर वेळी ते सोंग खरे वाटे. मग १९८८मध्ये ‘वागले की दुनिया’ आली. आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांतला सामान्य माणूस तिच्या मुळाशी, निर्मिती दुर्गा खोटे यांच्या संस्थेची, दिग्दर्शन कुंदन शाहांचे, आणि अंजन श्रीवास्तवांसमोर भारती आचरेकर. नव्वदीत ‘श्रीमान श्रीमती’, ‘तू तू मैं मैं’, ‘हम पाँच’ आल्या, आणि रीमा लागू, सुप्रिया पिळगावकर, अशोक सराफ ही मराठी मंडळी हिंदी विनोदाचा कणा झाली. मराठी रंगभूमीवर तयार झालेली ही माणसे साऱ्या देशाला हसवत होती, आणि त्याच काळात त्यांच्या मातृभाषेतल्या पडद्याकडे त्यांच्या तोडीचे लिखाण क्वचित होते. लेखनाची चणचण पडली की चांगला नट भाषा बदलतो, एवढाच त्याचा अर्थ.

त्या वर्षांत अकलूजकडची माणसे मराठीत हसत नव्हती असे मात्र कुणी समजू नये. दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ १९७१चा, आणि तो लिहिणारे वसंत सबनीस मूळचे सोलापूरचे. त्यांनीच आधी ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहून तमाशाच्या बतावणीला शहरी नाट्यगृहात मानाचे पान मिळवून दिले होते, आणि त्यांनीच पुढे १९८८च्या ‘अशी ही बनवाबनवी’चे संवाद लिहिले. हा चित्रपट टीव्हीवर इतक्या वेळा लागला आणि इतक्या घरांत पाठ झाला की मराठी छोट्या पडद्यावरचा सर्वांत लाडका विनोदी ऐवज म्हणून त्याचेच नाव घ्यावे लागेल. चित्रपटाचे कथाबीज हिंदीतले आहे, पण लोकांच्या तोंडी बसले ते त्यातले मराठी बोलणे. लोकनाट्यात घासून-पुसून तयार झालेला कान त्या संवादांमागे आहे. सवाल टाकावा, उत्तर तिरके यावे, त्या उत्तराचाच पुन्हा सवाल व्हावा, ही बतावणीची चाल धनंजय माने आणि त्याच्या मित्रांच्या तोंडी शहरी वेशात येते.

सबनीसांच्या जोडीने मिरासदारांचे नाव घ्यायला हवे. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि मिरासदार या तिघांनी साठच्या दशकापासून गावोगाव कथाकथनाचे कार्यक्रम केले. पडदा नाही, नेपथ्य नाही, संगीत नाही. एक माणूस उभा राहतो, गोष्ट सांगतो आणि हजारभर माणसे हसतात. या प्रकारात पहिली दहा मिनिटे श्रोता नुसता ऐकत असतो. गावाची वेस, चावडी, पारावर बसलेल्यांच्या सवयी, कोण कुणावर का रुसले आहे, हे सारे सावकाश मांडले जाते. मग एक क्षुल्लक गोष्ट घडते आणि आधी मांडलेला प्रत्येक स्वभाव आपापल्या परीने तिच्यावर तुटून पडतो. मिरासदारांच्या कथांतले भोकरवाडी हे गाव असेच उभे राहते. नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर, शिवा जमदाडे, रामा खरात ही मंडळी कथेमागून कथेत येतात. आपण त्यांना ओळखू लागलो की नाना नुसता धापा टाकत आला तरी हसू फुटते, कारण पुढे काय होणार याचा अंदाज आपल्याला असतो आणि तो अंदाज कसा चुकणार याची उत्सुकताही. आठवड्याला एक भाग, प्रत्येक भागात पूर्ण गोष्ट आणि तीच ती जिव्हाळ्याची माणसे, या मालिकेच्या साच्यासाठी याहून तयार सामग्री मराठीत दुसरी दिसत नाही. सिनेमाने मिरासदारांना काही प्रमाणात ओळखले. १९८२च्या ‘एक डाव भुताचा’ची पटकथा आणि संवाद त्यांचे, आणि त्यात अशोक सराफ व दिलीप प्रभावळकर होते. छोट्या पडद्यावर मात्र चिमणरावाला लाभले तसे घराघरातले स्थान भोकरवाडीला लाभले नाही.

दूरदर्शनवर ग्रामीण बोली होतीच, असे कुणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमांबरोबर येणारी ‘गप्पागोष्टी’ ही मालिका तिचा पुरावा. शाहीर साबळे यांच्या ‘आंधळं दळतंय’, ‘यमराज्यात एक रात्र’ यांसारख्या लोकनाट्यांत मुरलेले राजा मयेकर तिच्यात होते आणि लोक ती आवडीने बघत. पण तिथे विनोदाला दुसरे काम दिलेले असे. नवे बियाणे, नवी योजना, आरोग्याचा सल्ला सांगायचा आणि तो गोड लागावा म्हणून हसवायचे. मयेकरांसारखा नट ती कसरत सुंदर करी. तरी खेड्यातल्या माणसाला शहाणे करण्यासाठी लिहिलेला विनोद आणि त्या माणसाच्या शहाणपणातून व मूर्खपणातून उगवलेला विनोद यांत फरक राहतोच. मिरासदारांच्या माणसांना कुणी काही शिकवत नाही, आणि त्यामुळेच ती इतकी आपली वाटतात.

खासगी वाहिन्या आल्यावर लेखनाचे माहात्म्य पुन्हा एकदा सिद्ध झाले. अल्फा मराठी १९९९मध्ये सुरू झाली आणि २००१मध्ये तिच्यावर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली. प्रभावळकरांनी वृत्तपत्रात लिहिलेल्या ‘अनुदिनी’ या सदराचा तिला आधार होता. टिपरे घरातल्या माणसांच्या रोजनिशा असे त्या सदराचे रूप. एकच प्रसंग आजोबा, म्हणजे आबा, एका तऱ्हेने लिहितात, सून श्यामला दुसऱ्या, नातू शिऱ्या तिसऱ्या. मालिकेत आरडाओरडा नाही, कारस्थान नाही, पार्श्वसंगीताचा दणका नाही, तरी ती काही वर्षे चालली आणि आजही लोक ती शोधून पाहतात. दिग्दर्शक केदार शिंदे हे शाहीर साबळे यांचे नातू, आणि प्रसंग रंगवत नेमक्या जागी सोडून देण्याची त्यांची हातोटी लोकनाट्याच्या घराण्यातली आहे असे मला वाटते. ‘हे सगळे प्रभावळकरांमुळे’ असा आक्षेप इथे येऊ शकतो. चिमणरावातही तेच, टिपऱ्यांतही तेच. पण टिपऱ्यांचे लेखकही तेच होते, तेव्हा हे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. शिवाय शुभांगी गोखले, राजन भिसे, विकास कदम, रेश्मा नाईक यांची पात्रे प्रभावळकरांच्या आबांइतकीच ठसठशीत होती. एका नटाच्या करामतीवर सगळे घर उभे राहत नाही.

याहून वजनदार आक्षेप आजच्या कार्यक्रमांच्या बाजूने येतो. जुन्या मालिका सदाशिव पेठ आणि दादर-गिरगावच्या पांढरपेशा घरांतल्या होत्या. ‘फू बाई फू’, २०१४पासूनचे ‘चला हवा येऊ द्या’, २०१८पासूनची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ यांनी पडदा खुला केला. भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी, ओंकार भोजने याचे कोकणी वळण, गौरव मोरे याचा मुंबईच्या वस्तीतला रांगडा बाज, हे सारे त्याआधी पडद्यावर इतक्या मानाने आले नव्हते. विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात, श्रेया बुगडे यांच्यासारख्या बायका विनोदाच्या मध्यभागी आल्या. हा आक्षेप मला मनापासून मान्य आहे. भोकरवाडीच्या चावडीवर बायकांना फारशी जागा नाही, हेही कबूल करायला हवे, आणि या बाबतीत नवा पडदा जुन्या कथेच्या पुढे आहे. मराठी विनोदाचा भूगोल या कार्यक्रमांनी रुंदावला, याबद्दल त्यांचे ऋण मोठे आहे.

पण हे कार्यक्रम ज्या प्रहसनांवर चालतात त्यांच्या रचनेत एक अडचण आहे, आणि ती नटांच्या अंगावर पडते. दहा-बारा मिनिटांत ओळख, गुंता आणि शेवट उरकायचा, समोर परीक्षक हसताना दाखवायचे, दर काही सेकंदांनी हशा मिळवायचा, आणि पुढच्या आठवड्यासाठी सगळे नव्याने जमवायचे. एवढ्या वेळात स्वभाव उभा करणे अशक्यप्राय असते, म्हणून हाताशी असलेल्या गोष्टी वापरल्या जातात. सिनेमाची नक्कल, सहकाऱ्याच्या रंगावर किंवा जाडीवर टोमणे, पुरुषाला साडी. साडी नेसलेला पुरुष आपल्याकडे परका नाही. तमाशाच्या गौळणीतली मावशी पिढ्यानपिढ्या लोकांना हसवत आली आहे. मावशीचा विनोद तिच्या जिभेत असतो. ती कृष्णाला अडवते, पेंद्याला गप्प करते, समोरच्या श्रोत्यालाही सोडत नाही. प्रहसनांनी पुष्कळदा साडी घेतली आणि जीभ मागे ठेवली. हास्यजत्रेतले जे लोकांच्या तोंडी राहिले ते बघितले तर हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसते. नम्रता संभेरावची लॉली, गौरव मोरेचा फिल्टरपाड्याचा बच्चन, ही पात्रे पुन्हा पुन्हा आली, प्रत्येक खेपेला थोडी वाढली, आणि प्रेक्षक त्यांची वाट पाहू लागले. नकळत तो कार्यक्रम तिथे भोकरवाडीच्या वाटेने चालू लागला होता.

जुने ते गोड वाटते कारण तेव्हा एकच वाहिनी होती आणि दुसरे काही बघायला नव्हते, असेही म्हटले जाते. त्या एका वाहिनीवर त्या काळात पुष्कळ विनोदी कार्यक्रम झाले आणि त्यातले बहुतेक लोक विसरले. निवड प्रेक्षकांनी केली आहे, आणि टिपरे तर अनेक वाहिन्यांच्या गर्दीत टिकले.

मिरासदार २ ऑक्टोबर २०२१ रोजी गेले. मुंबई दूरदर्शनने त्याच दिवशी एकोणपन्नास वर्षे पुरी केली होती. त्यांच्या कथा छापील रूपात मिळतात, महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत अजून सांगितल्या जातात. माळशिरस-पंढरपूरकडची बोली सहज बोलणारे, गावाकडच्या उच्चारांची लाज न बाळगता आपल्या बोलीत उभे राहणारे नट या दहा वर्षांच्या विनोदी कार्यक्रमांनीच तयार केले आहेत, आणि १९८०मध्ये भोकरवाडी करायची ठरवली असती तर हीच माणसे मिळाली नसती. चावडीवरच्या बैठकीत बायकांना जागा करून देणारी लेखिका मिळाली तर कथा अधिक समृद्ध होतील. आठवड्याला एक भाग, अर्ध्या तासात पूर्ण गोष्ट, परीक्षक नाहीत, आणि पहिली दहा मिनिटे हशाची सक्ती नाही, एवढ्या अटी एखाद्या वाहिनीने मान्य केल्या तर नाना चेंगट आणि बाबू पैलवान उद्या चित्रीकरणाला उभे राहू शकतात.