रक्ताची प्रदक्षिणा

मनगटावर दोन बोटे टेकली की नाडीचा ठोका लागतो. हा ठोका मनुष्याला हजारो वर्षांपासून परिचित आहे. परंतु ज्या रक्ताच्या लाटेमुळे तो उमटतो ते रक्त येते कोठून आणि जाते कोठे, या साध्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळण्यास इसवी सन १६२८ उजाडावे लागले.

त्यापूर्वी सुमारे चौदाशे वर्षे युरोपातील वैद्यकावर गेलेन या ग्रीक वैद्याच्या मतांचा अंमल होता. त्याच्या मते अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, ते शिरांवाटे अवयवांकडे जाते आणि पाटाचे पाणी शेतात जिरावे तसे तेथेच जिरून जाते. काही रक्त हृदयाच्या मधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांतून उजवीकडून डावीकडे पाझरते, असेही तो मानीत असे. तेराव्या शतकात कैरो येथील इब्न अल् नफीस या वैद्याने, पडद्याला अशी छिद्रे नाहीत, रक्त फुप्फुसांतून वळसा घेऊनच डावीकडे येते, असे लिहून ठेवले. तरी युरोपात गेलेनचे मतच पुढे चालू राहिले.

त्या मताचा पाया खचविला तो विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने, आणि तोही एका हिशेबाने. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनात अवघे अर्धा औंस रक्त बाहेर पडते आणि अर्ध्या तासात ठोके केवळ एक हजार पडतात, असे हात आखडून धरले, तरी अर्ध्या तासात पाचशे औंस, म्हणजे चौदा-पंधरा किलो रक्त हृदयातून बाहेर पडले पाहिजे. मनुष्याच्या देहात एकूण रक्त असते सुमारे पाच लिटर. मग इतके नवे रक्त अर्ध्या तासात कोणते अन्न निर्माण करणार? आणि ते जिरणार तरी कोठे? अर्थ एकच: तेच रक्त पुनःपुन्हा फिरून येत असले पाहिजे.

हिशेबाला प्रयोगाची जोड मिळाली. दंडाला घट्ट पट्टी बांधली तर हात थंड पडतो आणि मनगटावरची नाडी लागत नाही. तीच पट्टी किंचित सैल केली की नाडी परत येते, पण पट्टीखालच्या शिरा टरारून फुगतात. खोलवरच्या रोहिणींतून रक्त हातात उतरते, मात्र वरवरच्या शिरांतून परतताना अडते, हे यावरून उघड झाले. रक्ततपासणीच्या वेळी दंडाला रबरी पट्टा बांधतात तो याच कारणाने. शिरांमधील झडपा हार्वेच्या गुरूंनी, पाडुआच्या फॅब्रिशियसने, आधीच वर्णन केल्या होत्या; त्या रक्ताला हृदयाच्या दिशेनेच जाऊ देतात, हा त्यांचा अर्थ शिष्याने सांगितला.

हा प्रवास असा चालतो. देहभर फिरून आलेले रक्त दोन महाशिरांतून हृदयाच्या उजव्या कर्णिकेत उतरते, तेथून झडप ओलांडून उजव्या जवनिकेत जाते आणि जवनिका आकुंचन पावताच फुप्फुसांकडे ढकलले जाते. तेथे ते कार्बन डायॉक्साइड टाकते, प्राणवायू घेते आणि डाव्या कर्णिकेत परतते. डाव्या जवनिकेची भिंत उजवीपेक्षा पुष्कळ जाड असते, कारण तिला रक्त मस्तकापासून पायाच्या बोटांपर्यंत पोचवावयाचे असते. तिच्या आकुंचनासरशी रक्त महारोहिणीत उसळते. तीच लाट मनगटावर नाडी म्हणून जाणवते. शिरांतील रक्ताला ‘अशुद्ध’ म्हणण्याची रूढी आहे, पण त्यात घाण नसते. प्राणवायू कमी झाल्याने त्याचा रंग केवळ काळपट होतो. एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर आणि मिनिटाला ७० ठोके धरले, तर विश्रांतीच्या स्थितीतही देहातील सारे रक्त जवळजवळ एका मिनिटात एक फेरी पुरी करते.

हार्वेच्या साखळीत एक दुवा मात्र अदृश्य होता. रोहिणीतले रक्त शिरेत शिरते कोठून? हार्वे १६५७ साली निवर्तला. त्यानंतर चार वर्षांनी, १६६१ साली, मार्सेलो माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाला बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्यांचे जाळे दिसले. याच सूक्ष्म नळ्यांच्या पातळ भिंतींतून पेशींना प्राणवायू व अन्न मिळते. प्रदक्षिणेचा सारा खटाटोप या ठिकाणासाठीच असतो.

हे ज्ञान केवळ ग्रंथात राहणारे नाही. सर्व देहाला रक्त पुरविणाऱ्या हृदयाचा स्नायूही स्वतःच्या दोन हृद्-रोहिणींवर जगतो. त्यांची शाखा गुठळीने बंद झाली की त्या भागाचा स्नायू मरू लागतो. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अशी लक्षणे दिसताच रुग्णालय गाठण्यात दिरंगाई करू नये, ती याच कारणाने. आणि हृदय थांबलेच, तर मेंदूच्या पेशी अवघ्या काही मिनिटांत नष्ट होऊ लागतात. बाल्टिमोर येथील काउवेनहोव्हन, ज्यूड व निकरबॉकर या तिघांनी १९६० साली दाखवून दिले की छाती न उघडता, बाहेरून दाब देऊनही रक्त फिरते ठेवता येते. प्रौढ मनुष्य बेशुद्ध असून नीट श्वास घेत नसेल, तर १०८ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागवावी. मग छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, पाच ते सहा सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० या गतीने, मदत येईपर्यंत दाबत राहावे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी, म्हणजे हृदय पुन्हा भरते. ही क्रिया करणारे हात तेवढ्या वेळापुरते त्या हृदयाचेच काम करीत असतात.