सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगावी काय?

सकाळचा चहा होऊन ओसरीवर वर्तमानपत्राची पाने वाटली जातात, तेव्हा पुष्कळ घरांत एक तक्रार हटकून ऐकू येते. पुण्या-मुंबईच्या एखाद्या मोठ्या पत्राने ठळक मथळ्याखाली दूरच्या तालुक्याची हकीकत दिलेली असते आणि त्याच तालुक्याहून आलेले पाहुणे म्हणतात, "यात नवे ते काय? आमच्या गावच्या पत्राने हे महिन्यापूर्वीच छापले होते!" पाहुण्यांचे म्हणणे खरे असते. मग मोठ्या पत्राने केले ते काय? लोकसेवा, की केवळ परक्याच्या श्रमावर आपला संसार? हा प्रश्न आज वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते.

प्रथम आक्षेपकांची बाजू पाहू. गावचा वार्ताहर गावातच राहतो. ज्याच्याविरुद्ध त्याने आज लिहिले, तोच गृहस्थ उद्या बाजारात त्याच्यासमोर उभा राहतो. धोका त्याचा, पायपीट त्याची. आणि नाव मात्र मोठ्या शहरातील लेखकाचे! एकाने शेत नांगरावे आणि रास दुसऱ्याने उचलावी, यास न्याय कोण म्हणेल?

तथापि एवढ्यावरून पुनःकथनच निषिद्ध मानणे आम्हांस मान्य नाही. अमेरिकेतील बोस्टन शहराचे उदाहरण या संबंधात विचार करण्याजोगे आहे. तेथील काही कॅथलिक धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या अत्याचारांविषयी 'बोस्टन फीनिक्स' या स्थानिक साप्ताहिकात क्रिस्टेन लोम्बार्डी यांनी २००१ सालच्या मार्चमध्येच विस्ताराने लिहिले होते. 'बोस्टन ग्लोब' या मोठ्या दैनिकाने तोच विषय जानेवारी २००२ मध्ये पुन्हा हाती घेतला. परंतु 'ग्लोब'ने केवळ नक्कल केली नाही. न्यायालयात मोहोरबंद असलेली कागदपत्रे खुली व्हावीत म्हणून त्याने अर्ज केला, ती मिळविली आणि वरिष्ठांना सर्व ठाऊक असूनही अपराधी धर्मगुरूंची एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये बदली होत असे, हे कागदोपत्री सिद्ध केले. त्याच वर्षी डिसेंबरात तेथील कार्डिनल लॉ यांस पद सोडावे लागले. आधी सांगितलेलीच गोष्ट. पण दुसऱ्या वेळी तिला पुराव्याचे बळ आले. पुढे २००३ साली पुलित्झर पारितोषिक 'ग्लोब'ला मिळाले आणि 'फीनिक्स' हे पत्र २०१३ साली बंद पडले. पहिल्या हाकेचे मोल जग किती लवकर विसरते, हेही यावरून दिसते.

हे उदाहरण परदेशचे म्हणून कोणी बाजूस सारील, तर एक घरचे घेऊ. मात्र ते दुसरी बाजू दाखविणारे आहे. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याची बोलवा त्या संस्थानातून बाहेर पसरली होती. पुण्यास १८८१ च्या जानेवारीत निघालेल्या 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी ती उचलून धरली आणि कारभारी बर्वे यांच्यावर दोषारोप केला. परंतु ज्या पत्रांच्या आधारे हा आरोप केला, ती न्यायालयात बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी प्रदर्शित केली, तरी जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. पुढे डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात महाराज गोऱ्या रक्षकाशी झालेल्या झटापटीत मृत्यू पावले. म्हणजे त्या तरुण संपादकांची चिंता अनाठायी नव्हती. कळवळा खरा होता. पुरावा तेवढा खोटा निघाला. दुसऱ्याकडून आलेली गोष्ट आपल्या तोंडाने सांगणाऱ्याने ती आधी स्वतः पारखली पाहिजे, हा धडा त्यांनी तुरुंगवासाची किंमत देऊन आपणांस दिला आहे.

तेव्हा आमचे मत असे की, सांगितलेली गोष्ट पुन्हा अवश्य सांगावी. पण सांगणाऱ्याने स्वतः त्या गावी जावे, प्रत्येक कागद स्वतः पडताळावा आणि गोष्टीत आपली काही भर घालावी. एवढे करूनही ज्याने ती प्रथम सांगितली, त्याचा नामनिर्देश पहिल्याच परिच्छेदात करावा. असे केल्याने मोठ्या पत्राचा मोठेपणा रतिमात्र कमी होणार नाही. उलट गावच्या वार्ताहराच्या मागे कोणी उभे आहे, हे त्याच्या शत्रूंस कळेल.

आणि वाचकहो, थोडेसे कर्तव्य आपलेही आहे. मोठ्या दैनिकाबरोबर आपल्या मूळ गावच्या लहान पत्राची वर्गणी घरातून जात असते काय, हे या महिन्याचा जमाखर्च मांडताना एकदा पाहावे. पहिली हाक देणाराच उरला नाही, तर ती पुन्हा देणार तरी कोण?