शाळेच्या इमारतीत दवाखाना

वाशिम आज स्वतंत्र जिल्हा आहे. 1936 साली ते अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. त्या वर्षी नाझरीन मिशनची तरुण अमेरिकन डॉक्टर ऑर्फा स्पायशर इथे आली. अकोल्याहून वाशिमला तेव्हा रेल्वे नव्हती. स्टेशनवर उतरून पुढचे सुमारे 80 किलोमीटर सडकेनेच गाठायचे, आणि पावसाळ्यात वऱ्हाडची काळी माती चाक सोडत नाही!

हाती आले काय? मिशनच्या मुलींच्या शाळेची रिकामी इमारत आणि अपुरा पैसा. औषधोपचाराच्या आधी भिंती, दारे, पाणी यांचीच सोय लावायची होती. मुली धडे गिरवत त्या खोल्यांत खाटा पडल्या आणि 1938 मध्ये रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले.

दुसरे काम मराठीचे. मराठी मुलखात येणाऱ्या मिशनऱ्यांसाठी उन्हाळ्यात महाबळेश्वरला भाषावर्ग भरत. पण डॉक्टरची खरी परीक्षा खाटेपाशी. पोटात कळ येते की मुरडा पडतो, हे बाईच्या तोंडून नीट कळल्याशिवाय उपचार कसला करणार? पुरुष डॉक्टरांपुढे न येणाऱ्या बायकांसाठी बाई डॉक्टर असणे हाच केवढा आधार होता. धर्मप्रसाराबद्दल कोणाचे मत काहीही असो, हे ऋण वऱ्हाडाने मोकळ्या मनाने मान्य करावे.

पुढे इथे परिचारिकांचे प्रशिक्षणही सुरू झाले. डॉ. स्पायशर 1976 मध्ये, 40 वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाल्या.