घरातला सगळ्यात मोठा खटका

मुलांनो, तुमच्या घरात विजेची बटणं किती आहेत, सांगाल? दिव्याचं, पंख्याचं, टीव्हीचं, मिक्सरचं... दहा-वीस तर सहज भरतील. आता दुसरा प्रश्न. सगळ्या घराची लाइन एकदम बंद करणारा खटका कुठे आहे? थांबलात ना? त्या खटक्याला म्हणतात मेन स्विच. वेळ आली तर तोच जीव वाचवतो.

आमच्या दारव्ह्याकडे उन्हाळा लागला, की घरोघरी कूलर बाहेर निघतात. पत्र्याची पेटी, आत पाणी, पाण्यात पंप आणि पंपाला विजेची वायर. वायरचं आवरण चिरलं की वीज पत्र्यात उतरते. पत्रा दिसायला मात्र तसाच दिसतो हं! आता ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कूलरमध्ये पाणी भरणारं माणूस त्याला चिकटलं, तर? त्याला हात लावून ओढायचं नाही. ओढणाराही चिकटतो. आधी धावत जाऊन मेन बंद करायचा, मोठ्यांना हाक मारायची आणि १०८ ला फोन करायचा.

पण घरात मेनच नसेल तर? काही जुन्या घरांत असंच असतं. लाकडी फळीवर मीटर आणि शेजारी चिनी मातीचे दोन-चार फ्यूज, बस्स. वीज तोडायची तर एकेक फ्यूज हाताने उपसायचा. तोही घाबरलेल्या हातांनी, कुठला फ्यूज कुठल्या खोलीचा ते आठवत!

त्यात आणखी एक गोम आहे. घरात विजेच्या दोन वायरी येतात. फेजमधून वीज येते, न्यूट्रलमधून परत जाते. फार जुन्या घरांत दोन्ही वायरींना वेगवेगळे फ्यूज लावलेले असत. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा विझतो. आपल्याला वाटतं, लाइन गेली. पण फेजच्या वायरमध्ये वीज असतेच! म्हणून मेन असा हवा, की एकच दांडी खाली ओढली की दोन्ही वायरी एकदम तुटतील. वीज घरात शिरते तिथेच, सहज हात पोचेल असा खटका हवा, असं १९५६ च्या भारतीय वीज नियमांतच लिहिलेलं होतं. म्हणजे ही काही आजची चैन नाही, बरं का!

पूर्वीचा मेन म्हणजे दांडीची लोखंडी पेटी. आता बहुतेक ठिकाणी एमसीबी बसवतात. जर्मनीच्या ह्यूगो स्टोट्झ यांच्या कंपनीने १९२४ साली त्याचं पेटंट घेतलं. त्याच्या पोटात दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते. वीज जास्त वाहिली की ती तापून वाकते आणि खटका पडतो. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या, तर आतल्या तारेच्या वेटोळ्याचं लोहचुंबक होऊन क्षणात खटका पाडतं.

थोडं गणित करू या. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. १००० वॅटची इस्त्री, भागिले २३०, म्हणजे सुमारे ४.३ अँपिअर. २००० वॅटचा गीझर घेतो सुमारे ८.७. अशी बेरीज करून आणि घरातली वायर किती जाड आहे ते पाहून मेन ठरवतात. मेन मोठा आणला म्हणून जुनी वायर जाड होत नाही!

आणि माणसाचा जीव जायला किती वीज लागते? एका अँपिअरचा लहानसा भागही पुरतो. तेवढ्याने १६ अँपिअरचा एमसीबी हलतसुद्धा नाही. म्हणून त्याच्या जोडीला आरसीसीबी हवा. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा हिशेब तो सतत जुळवतो. ०.०३ अँपिअरचा फरक पडला, की लाइन बंद!

हे काम मात्र तुम्ही करायचं नाही, आणि हौसेने बाबांनीही नाही. मीटरपासून मेनपर्यंतची वायर मेन बंद केल्यावरही जिवंतच असते. तिथे काम करायचं तर वीज आधी त्याच्याही अलीकडे तोडावी लागते. मीटरचं सील महावितरणच्या माणसांशिवाय कुणी तोडायचं नसतं. म्हणून परवाना असलेला वायरमनच हवा. अर्थिंगही त्याच्याकडून तपासून घ्यावं. खर्च होतो खरा. पण तो खर्च पुढच्या उन्हाळ्यावर ढकलायचा नसतो.

तुमचं काम वेगळं आहे. या रविवारी आईला किंवा आजोबांना बरोबर घ्या आणि मेन शोधा. त्याच्यापुढे सायकल, पोती, कपाट असेल तर हलवायला सांगा. हात कोरडे ठेवून, पायात चप्पल घालून, मोठ्यांसमोर एकदा तो बंद करून पाहा. इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही काही दिवे जळतील. त्याचा खटका वेगळा असतो, तोही विचारून घ्या. मग एका कागदावर ठळक अक्षरांत ‘मेन’ लिहा आणि तिथे चिकटवा.

आणि मेन सापडलाच नाही, तर गप्प बसू नका. घरात सांगा. कूलर लागायच्या आधी सांगा!