स्नायुपरीक्षण

विशिष्ट स्नायू किंवा स्नायुगट किती बलाने आकुंचन पावतो, हे परीक्षकाने आपल्या हाताने विरोध करून अजमावण्याच्या पद्धतीला ‘स्नायुपरीक्षण’ म्हणतात. तिला हाताखेरीज कोणतेही उपकरण लागत नाही. त्यामुळे ती रुग्णालयाप्रमाणेच खेड्यातील घराच्या ओसरीवरही वापरता येते. तिचे दोन भिन्न उपयोग प्रचारात आहेत. पहिल्यात स्नायू आणि त्याला प्रेरणा पुरविणारी तंत्रिका यांची स्थिती ठरवितात. दुसऱ्यात स्नायूच्या बलावरून अंतर्गत इंद्रिये, पोषण, ॲलर्जी व भावना यांसह समग्र व्यक्तीचे निदान करता येते, असे मानतात. बाह्यतः दोन्हींतील कृती जवळजवळ सारखीच दिसते. परंतु दोन्हींमागील पुरावा सारखा नाही. म्हणून हे तंत्र शिकणाऱ्याला त्यांतील भेद प्रारंभीच कळणे आवश्यक असते.

इतिहास : बॉस्टन येथील विकलांग-चिकित्सातज्ञ रॉबर्ट डब्ल्यू. लव्हेट यांनी बालपक्षाघाताच्या (पोलिओच्या) रुग्णांसाठी पद्धतशीर स्नायुपरीक्षण सुरू केले. त्यांच्या सहायक विल्हेल्मिन राइट यांनी त्याचे वर्णन १९१२ मध्ये प्रसिद्ध केले. गुरुत्वाकर्षण हे सर्वत्र सारखे असणारे माप म्हणून वापरणे, ही त्यातील मूलभूत कल्पना होय. अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात १९१४ साली आलेल्या बालपक्षाघाताच्या साथीनंतर लव्हेट व ई. जी. मार्टिन यांनी स्प्रिंगच्या काट्याने स्नायूचे बल मोजण्याची रीत १९१६ मध्ये मांडली. तंत्रिकांना झालेल्या जखमांच्या परीक्षणासाठी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रसृत केलेली श्रेणी आजही सर्वत्र वापरली जाते. हेन्री व फ्लॉरेन्स केंडॉल या अमेरिकन दांपत्याचा या विषयावरील पाठ्यग्रंथ १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला.

श्रेणी : आकुंचन मुळीच नसल्यास ०, सांधा न हलता केवळ स्फुरण दिसल्यास किंवा बोटांना जाणवल्यास १, गुरुत्वाकर्षणाचा विरोध नाहीसा केल्यावर हालचाल झाल्यास २, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हालचाल झाल्यास ३, त्याशिवाय परीक्षकाच्या विरोधालाही काही प्रमाणात तोंड देता आल्यास ४, आणि बल प्राकृत असल्यास ५ अशी नोंद करतात. पहिल्या चार पायऱ्या बऱ्याच वस्तुनिष्ठ आहेत. चौथ्या श्रेणीत मात्र सौम्य व तीव्र अशा दोन्ही प्रकारच्या दुर्बलता समाविष्ट होतात आणि तेथे परीक्षकाचे स्वतःचे बल व मत यांचा प्रभाव पडतो. ही उणीव भरून काढण्यासाठी हातात धरावयाचा बलमापक वापरतात.

प्रशिक्षण : प्रशिक्षणार्थीला प्रथम प्रत्येक स्नायूचा उगम, निवेश (ज्या ठिकाणी तो हलणाऱ्या हाडाला जोडलेला असतो ते स्थान), कार्य व तंत्रिका-पुरवठा यांचे ज्ञान असावे लागते. त्यानंतर रुग्णाला योग्य स्थितीत ठेवणे, सांध्याच्या वरचा भाग स्थिर धरणे, विरोध एकाच ठिकाणी, एकाच दिशेने व हळूहळू वाढवीत देणे आणि दोन्ही बाजूंची तुलना करणे, ही कौशल्ये शिकवितात. दुर्बल स्नायूचे काम शेजारचा स्नायू करू लागतो. अशी पर्यायी हालचाल ओळखणे नवशिक्याला सर्वांत अवघड जाते. उदा., दंड बाजूला उचलता येत नसल्यास रुग्ण संपूर्ण खांदाच वर खेचतो. वेदना, थकवा किंवा सूचना न समजणे यांमुळेही स्नायू दुर्बल भासतो, हे परीक्षकाने ध्यानात ठेवावे लागते.

या प्रशिक्षणाचे मोल कुष्ठरोगात विशेष दिसून येते. या रोगात तंत्रिकांना इजा होते आणि औषधांनी जंतू नष्ट होत असतानाही ती वाढू शकते. म्हणून भारतातील कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमातील आरोग्य कर्मचाऱ्यांना डोळा घट्ट मिटणे, करंगळी बाजूला नेणे, अंगठा वर उचलणे, मनगट उचलणे आणि पाऊल वर उचलणे या हालचाली तपासून ‘सबल’, ‘दुर्बल’ किंवा ‘पक्षाघातग्रस्त’ अशी नोंद करावयास शिकवितात. दुर्बलता सहा महिन्यांच्या आत आढळल्यास प्रेडनिसोलोन या औषधाने बल परत येण्याची बरीच शक्यता असते. नंतर ती कमी होत जाते. कर्मचाऱ्याच्या काही मिनिटांच्या परीक्षणाने रुग्णाचा हात वा पाय कायमचा विकल होणे टळू शकते [⟶ कुष्ठरोग].

समग्र परीक्षण : अमेरिकेतील डिट्रॉइट येथे कायरोप्रॅक्टिक (मणक्यांच्या हस्तोपचारांवर आधारलेली पद्धती) व्यवसाय करणारे जॉर्ज गुडहार्ट यांनी १९६४ मध्ये ‘उपयोजित कायनेसिऑलॉजी’ ही पद्धती मांडली. खांद्याचे पाते छातीशी धरून ठेवणारा एका रुग्णाचा स्नायू त्याच्या उगमस्थानी चोळल्यावर तत्काळ सबल झाला, हा अनुभव त्यांनी आधारभूत मानला. पुढे त्यांनी विशिष्ट स्नायूंचा संबंध विशिष्ट इंद्रियांशी व चिनी वैद्यकातील ऊर्जामार्गांशी जोडला. जॉन थाय यांनी १९७३ मध्ये ‘टच फॉर हेल्थ’ या ग्रंथाद्वारे ही पद्धती सामान्य लोकांसाठी सुलभ केली. या परंपरेत रुग्णाच्या जिभेवर किंवा हातात एखादा पदार्थ ठेवून त्याचा पसरलेला हात खाली दाबतात. हात खाली गेल्यास तो पदार्थ अपायकारक समजतात. काही परीक्षक तर तान्ह्या मुलाऐवजी त्याच्या आईचा हात दाबून मुलाविषयी निष्कर्ष काढतात.

हे दावे तपासून पाहण्यात आले आहेत. अमेरिकेत १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन अनुभवी परीक्षकांनी ११ व्यक्तींमधील थायामीन, जस्त, अ व क जीवनसत्त्वे यांची स्थिती ठरविली. त्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळले नाहीत आणि प्रयोगशाळेतील तपासणीशीही जुळले नाहीत. कोणता पदार्थ दिला आहे हे गुप्त ठेवल्यावर पोषक द्रव्ये व निष्क्रिय पदार्थ यांच्या परिणामांत फरक आढळला नाही. गांधीलमाशीच्या विषाच्या ॲलर्जीविषयी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासातही ही पद्धती केवळ अंदाजाहून सरस ठरली नाही.

परीक्षक लबाडी करतो, असा याचा अर्थ नव्हे. अपेक्षेमुळे नकळत स्नायूंची हालचाल होते, हे इंग्रज शरीरक्रियावैज्ञानिक विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्येच दाखवून दिले होते. उत्तर आधीच ठाऊक असलेला परीक्षक क्षणभर आधी वा किंचित अधिक जोराने दाबतो आणि रुग्णही त्याप्रमाणे ढिला पडतो; दोघांनाही हात आपोआप खाली गेल्याचा प्रामाणिक प्रत्यय येतो. परीक्षकाचा अनुभव वाढला की हा प्रत्यय दृढ होत जातो. परंतु निदानाची अचूकता त्यामुळे वाढत नाही. अशा निष्कर्षावरून रुग्णाचे पौष्टिक अन्न बंद होणे, अनावश्यक पूरक द्रव्यांवर खर्च होणे किंवा गंभीर रोगाच्या निदानास विलंब लागणे, हे यातील खरे धोके होत.

व्यक्तीचा समग्र विचार करणे हे वैद्यकाचे जुने व योग्य ध्येय आहे. तथापि रुग्णाचा आहार, निद्रा, श्रम व चिंता यांची माहिती त्याला विचारूनच मिळवावी लागते. दंडावरील दाबाने ती मिळत नाही. म्हणून स्नायुपरीक्षणाच्या कोणत्याही पाठ्यक्रमात अंध चाचणीचा (पदार्थ कोणता हे परीक्षक व रुग्ण या दोघांपासूनही लपवून घेतलेल्या चाचणीचा) एक पाठ असावा. स्वतःच्या हाताची चूक प्रशिक्षणार्थीला त्यातून प्रत्यक्ष दिसते. स्नायू व तंत्रिका यांच्यापुरते मर्यादित ठेवल्यास स्नायुपरीक्षण हे वैद्यकातील स्वस्त आणि उपयुक्त साधनांपैकी एक आहे.