पावणेदोन लाखांचं राज्य

इंग्रजी अमदानी म्हटली की डोळ्यांपुढे जिकडेतिकडे गोरे साहेब दिसू लागतात. शिरगणती मात्र वेगळंच सांगते. 1901 साली हिंदुस्थानची लोकसंख्या संस्थानांसह सुमारे 29 कोटी 40 लाख होती, आणि त्यात युरोपीय जेमतेम 1 लाख 70 हजार. बहुतेक ब्रिटिशच. म्हणजे सतराशे माणसांमागे एक गोरा. 1931 सालीही आकडा याच घरात होता.

त्यातही भरणा लष्कराचा. 1857च्या आधी कंपनीच्या फौजेत देशी शिपाई दोन लाखांहून जास्त आणि गोरे चाळीस-पंचेचाळीस हजार. उठावानं सरकारचे डोळे उघडले. पुढे बंगालच्या फौजेत दोन देशी शिपायांमागे एक गोरा, मुंबई-मद्रासकडे तिघांमागे एक, असं प्रमाण ठरलं. पुण्याचा कॅम्प, खडकी, देवळाली, अहमदनगर, कामठी या छावण्यांत हे टॉमी असायचे. शहरापासून वेगळे, बराकींत.

मग जिल्हा कोण चालवत होतं? कलेक्टर, त्याचा असिस्टंट, जज्ज, पोलीस सुपरिंटेंडेंट, सिव्हिल सर्जन, इंजिनिअर. साहेब मंडळी बोटांवर मोजण्याइतकी. त्यांच्याखाली मामलेदार, फौजदार, कारकून आणि गावात पाटील-कुलकर्णी. थंडीत कलेक्टरचा मुक्काम गावाबाहेर तंबूत पडला, तरच खेड्यातल्या माणसाला साहेब दिसायचा. एरवी साऱ्याचा तगादा लावायला येणारा माणूस गावातलाच. या आकड्यांतली मला सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते. साहेबाचा हुकूम आपल्या दारापर्यंत पोचवणारे हात आपलेच होते, आणि त्या हातांच्या जोरावरच एवढ्याशा माणसांचं एवढं मोठं राज्य चाललं.

गोऱ्यांचं आणि लोकांचं हे अंतर मिटलं की काय होतं, ते 1897च्या प्लेगात पुण्यानं पाहिलं. रोगी हुडकायला गोरे सोजिर पेठांतल्या घरांत शिरले. माजघर, स्वयंपाकघर, देवघर, काहीच सुटलं नाही. सामान रस्त्यावर आलं, माणसं तपासणीला बाहेर काढली गेली. प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्यावर 22 जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली, त्यामागे हा संताप होता.

वरच्या खुर्च्या मात्र सरकारनं सहजासहजी हातच्या जाऊ दिल्या नाहीत. आयसीएसची, म्हणजे इंडियन सिव्हिल सर्व्हिसची, परीक्षा 1922पर्यंत फक्त लंडनमध्येच व्हायची. समुद्रप्रवासाचा खर्च, जातीचा रोष आणि वयाची अट, एवढ्यातून पार पडणारे थोडेच. 1863 साली भारतीयांतून पहिले यशस्वी झालेले सत्येंद्रनाथ टागोर आपल्या मुंबई इलाख्यातच नोकरीला होते. पुढे पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज तरुणांचाच या नोकरीकडचा ओढा आटला आणि भारतीयांची भरती वाढत गेली. 1947 साली आयसीएसमध्ये हजाराच्या आसपास अधिकारी उरले होते. त्यांत गोरे निम्म्याहून कमी होते.